गोष्ट नसलेला लघुपट कशाच्या आधारावर उभा राहतो?

प्रश्न असा आला आहे: "मी ऐरोलीत राहते, मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझे आजोबा इथल्याच कोळीवाड्यातले. आयुष्यभर ठाण्याच्या खाडीत मासेमारी केली, आता थकलेत, पाण्यावर जात नाहीत. त्यांच्या बोलण्याचं चाळीसेक मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. मला त्यांच्यावर माहितीपट करायचा नाही आणि गोष्टही लिहायची नाही. खाडी आणि त्यांचा आवाज यांतून प्रायोगिक लघुपट करायचा आहे. वीस हजार रुपये जमवलेत, तिघं मित्र मदतीला आहेत. पण त्यांचंच म्हणणं आहे की कोणाला काही कळणार नाही. चांगला कॅमेरा भाड्याने घेऊ का? सुरुवात कुठून करू?"

कॅमेरा भाड्याने घेऊ नकोस, निदान आत्ता नको. मी संकलक आहे, ठाण्यात राहते, आणि तुझ्या वयाच्या मुलामुलींचे लघुपट अनेक वर्षांपासून माझ्या टेबलावर येतात. चित्र खराब आलं म्हणून वाया गेलेला लघुपट त्यात फार क्वचित दिसतो. वाया जातात ते वेगळ्याच कारणाने: करणाऱ्याने गोष्ट काढून टाकलेली असते आणि तिच्या जागी काहीच ठेवलेलं नसतं. मग ती रिकामी जागा भरायला स्लो मोशन येतं, ड्रोन येतो, काळ्या पडद्यावर कवितेच्या ओळी येतात, पियानो येतो. तीन मिनिटांत बघणाऱ्याच्या लक्षात येतं की याला शेंडाबुडखा नाही, आणि तो मनाने उठून जातो.

गोष्ट बघणाऱ्याला एक काम देते. पुढे काय होणार, याची वाट पाहायचं काम. ते काढून घेतलंस तर दुसरं काम द्यावंच लागेल. माझ्या अनुभवात ते एकाच ठिकाणाहून मिळतं. लघुपटाला स्वतःचा एक नियम असावा लागतो, आणि तो कोणी न सांगता पहिल्या मिनिटभरात बघणाऱ्याला जाणवावा लागतो. कॅमेरा कधीच हलणार नाही. माणूस दिसणार नाही, फक्त ऐकू येईल. प्रत्येक शॉट आधीच्या शॉटपेक्षा लहान होत जाईल. असा कुठलाही. नियम जाणवला की बघणारा आपोआप ताडून पाहायला लागतो: आता काय बदललं, आता हे पाळणार की मोडणार. त्याचं वाट पाहणं पुन्हा सुरू होतं, आणि ते सुरू झालं की अर्थाची घाई त्याला राहत नाही.

हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ त्याची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर ते रोप मिनिटभरात वाढलं. त्या 'अंकुराची वाढ'च्या बळावर त्यांना पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळालं. त्यात गोष्ट नव्हती, नियम होता. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, म्हणजे चक्क सरकारी खात्यात, प्रमोद पतींनी 'एक्सप्लोरर' (१९६८) आणि 'आबिद' (१९७२) यांसारखे लघुपट केले. आपल्याकडे असं काही होत नाही, असं कोणी म्हटलं तर त्यांना हे दाखव.

तुझ्याकडे तर खाडी आहे, आणि खाडीइतकी नियमाने चालणारी दुसरी गोष्ट नवी मुंबईत मला माहीत नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, मधलं अंतर सव्वासहा तासांच्या आसपास. आजची भरती उद्या साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वात कमी चढणारी भरती. हे तुझ्या आजोबांना पुस्तकाशिवाय पाठ असणार. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. खाडीत आत पाणी पोहोचायला त्याहून थोडा उशीर होतो. ऐरोलीला नेमका किती, हे त्यांना विचार. विचारताना रेकॉर्डर चालू ठेव.

आता या हिशेबातून काय निघतं ते बघ. भरती रोज पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे पंधरा दिवसांत ती जवळजवळ साडेबारा तास सरकते. याचा अर्थ असा की तू एका पंधरवड्यात रोज सकाळी बरोबर सातला, एकाच जागेवर, एकाच चौकटीत, दोन मिनिटांचा एक शॉट घेतलास तर भरती-ओहोटीचं एक पूर्ण चक्र तुझ्या हातात येतं. अमावास्येच्या सकाळी सातला समोर लांबपर्यंत चिखल असेल. मग रोज पाणी थोडं थोडं वर चढलेलं दिसेल. अष्टमीच्या सुमारास चौकट बऱ्यापैकी भरेल, पण ते भांगाचं पाणी असल्यामुळे तुडुंब भरणार नाही. आणि पौर्णिमेला पुन्हा चिखल. ऊन जवळजवळ तेच, सावल्या त्याच, घड्याळ तेच. बदलतं फक्त पाणी. बघणाऱ्याला वाटेल की तो सहा-सात मिनिटांत एक भरती आणि एक ओहोटी पाहतोय, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात येईल की हा पंधरवडा आहे. एखादा पक्षी, एखादी होडी, पुलावरची रांग, पाण्यावर तरंगत आलेलं प्लास्टिक त्याला ते सांगेल.

तू हेच कर असं माझं म्हणणं नाही. तुझा नियम वेगळा असेल तर फारच चांगलं. पण तो असाच असू दे: विषयाच्या आतून आलेला, एका वाक्यात सांगता येणारा, आणि पाळायला थोडा त्रास होणारा. "रंग उडालेले ठेवायचे" हा नियम नाही, ती सजावट झाली. सलग पंधरा सकाळी सातच्या आधी पाण्याकाठी पोहोचणं हा नियम आहे.

एकच नियम घे, ही माझी कळकळीची विनंती. पहिल्या लघुपटात सगळंच करून पाहायचा मोह होतो: अ‍ॅनिमेशन, जुने फोटो, उलटं चालणारं चित्र, दोन भागांत विभागलेला पडदा. प्रत्येक नवी करामत आधीच्या नियमाची धार कमी करते. फ्रान्सच्या क्रिस मार्करचा १९६२ सालचा 'ला जेते' साधारण २८ मिनिटांचा आहे. त्याला गोष्ट आहे, पण तो जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा. एकाच जागी चित्र हलतं: झोपलेली स्त्री डोळे उघडते. काही सेकंदांचा तो शॉट विसरता येत नाही, कारण त्याच्या आधी आणि नंतर काहीच हललेलं नाही. तुलाही एकदा नियम मोडायचा हक्क आहे. एकदाच. त्यासाठी आजोबांचे हात, घरात पडून असलेला पाग (हाताने फेकायचं जाळं), अंगणातली उन्हं, अशा चार-पाच गोष्टी वेगळ्या टिपून ठेव. यांतलं काय लागेल आणि कुठे लागेल ते संकलनात ठरतं.

पंधरवड्याला हात घालण्याआधी एक कच्चा खर्डा कर. तीन-चार सकाळी जाऊन फक्त फोटो काढ, ते टाइमलाइनवर एकामागे एक ठेव, खाली आजोबांच्या बोलण्यातली दोन मिनिटं लाव, आणि विषय माहीत नसलेल्या एखाद्या मैत्रिणीला दाखव. कसं वाटलं, असं विचारू नकोस. "तू कशाची वाट पाहत होतीस?" एवढंच विचार. "पाणी कधी येतंय याची" असं उत्तर आलं तर पुढे जा. उत्तर आलं नाही तर नियम बदल. या टप्प्यावर बदलायला एक रुपयाही लागत नाही.

आता आवाज. सगळ्यात जास्त काळजी मला त्याचीच आहे.

हातातली चाळीस मिनिटं लगेच कापायला घेऊ नकोस. आधी कागद घेऊन दोन-तीनदा सलग ऐक. काय सांगितलं तेवढंच लिहू नकोस; कुठे थांबले, कुठे खोकले, कुठे आवाज खाली गेला, कुठे तुझ्या प्रश्नाला उत्तर न देता दुसरंच बोलले, हे सगळं वेळेसकट लिही. लघुपट बहुतेक वेळा त्या दुसऱ्याच बोलण्यात असतो. मग पुन्हा जाऊन बस, आणि या वेळी आठवणी विचारू नकोस. "तुमच्या लहानपणी खाडी कशी होती?" असं विचारलं की प्रत्येक म्हातारा माणूस तेच सांगतो: पाणी स्वच्छ होतं, मासळी भरपूर होती. ते खरंच आहे, पण त्यात ते स्वतः दिसत नाहीत. त्याऐवजी काम विचार. पाग हातात कसा धरायचा, तो गोल पडावा म्हणून कंबर कुठे वळवायची, चिखलात पाय रुतला तर आधी काय सोडवायचं, चिंबोरी बिळात आहे की नाही हे कशावरून कळतं. कामाबद्दल बोलताना माणसाचा आवाज बदलतो, हात बोलायला लागतात, आणि बोलीतले शब्द आपोआप येतात. ते शब्द जसेच्या तसे राहू देत. कोळी बोली 'शुद्ध' करून पुन्हा बोलायला लावलंस तर लघुपट तिथेच गेला. अर्थाची अडचण उपशीर्षकं सोडवतील.

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकी लावलेली. भिंती उघड्या असतील तर दोन बाजूंना गोधड्या टांग, खोलीचा घुमारा बराच कमी होतो. कॉलरला लावायचा वायरचा माइक हजार-दोन हजारांत चांगला मिळतो. फोनला जोड, पण फोन विमान मोडवर टाकायला विसरू नकोस. रेकॉर्डिंग वेव्ह फॉरमॅटमध्ये, ४८ किलोहर्ट्झवर. आवाजाची पातळी सर्वात मोठ्या जागी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. ती शून्याला टेकून फाटली तर कुठलंही सॉफ्टवेअर ती पुरती शिवून देणार नाही. बोलणं संपल्यावर कोणीही न हलता त्याच खोलीतली मिनिटभर शांतता रेकॉर्ड कर. दोन वाक्यांमधली फट भरायला तीच लागते. नाहीतर प्रत्येक कापाच्या जागी कानाला ठेच लागते.

खाडीचा आवाज चित्रासोबत फोनमध्ये येतो तेवढ्यावर भागवू नकोस. तिघांपैकी एकाला फक्त आवाजाचं काम दे, आणि त्याला कॅमेऱ्याकडे बघायला बंदी कर. ओहोटीला उघड्या चिखलातून सतत बारीक फुटफुट ऐकू येते. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतात त्यांची चपचप वेगळी. भरतीला ते सगळं थांबतं. याशिवाय ऐरोली पुलावरची वाहनं, वरून मुंबईत उतरणारी विमानं, उच्चदाबाच्या तारांच्या खालची गुणगुण. हे नकोसे आवाज म्हणून गाळू नकोस, आजची खाडी अशीच ऐकू येते. पण प्रत्येक आवाज वेगवेगळा, जवळ जाऊन, दोन-तीन मिनिटं सलग घे, म्हणजे संकलनात कोणता वर, कोणता खाली हे तुझ्या हातात राहील. खाडीवर वारा असतोच. माइकला फरची टोपी हवी. साधा स्पंज तिथे पुरत नाही.

कॅमेऱ्याचं मी थोडक्यात सांगते, कारण तुझा फोन पुरेसा आहे. फोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपऐवजी ज्यात सगळं हाताने ठरवता येतं असं अ‍ॅप वापर. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप मोफत आहे. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेम आणि १/६० वर घरातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकतं. आजोबांचे हात घरात टिपशील तेव्हा हे आठवेल. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद, पंधराही दिवस तेच आकडे वहीत लिहून. फोनने रोज आपल्या मनाने रंग बदलला तर पाण्यातला बदल आणि फोनमधला बदल यांत फरकच कळणार नाही. शटर १/५० ठेवल्यावर उघड्यावर चित्र पांढरं पडतं, त्याला फोनवर बसणारा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लागते. डिजिटल झूम अजिबात नको.

चौकट रोज तंतोतंत जुळायला हवी. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी खुणा कर, उंची दोरीने मोज, आणि पहिल्या दिवशीच्या चित्राचा प्रिंट सोबत ठेवून समोरचा एखादा मनोरा किंवा इमारत चौकटीच्या कडेशी जुळव. आणखी एक, जे ऐरोलीच्या बाजूने टिपणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावं: खाडी तुझ्या पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे समोरचा मुलुंड-भांडुपचा किनारा आणि मागचे डोंगर उजळलेले दिसतात, चिखलाचा पोत दिसतो. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि सगळ्याच्या काळ्या आकृत्या होतात. संध्याकाळचं चित्र पहिल्या नजरेला देखणं असतं, म्हणूनच सगळे तेच घेतात. तुझ्या विषयाला सकाळ जास्त प्रामाणिक आहे, असं मला वाटतं.

फ्लेमिंगोंच्या मागे लागू नकोस. चौकटीत आले तर येऊ देत. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधल्या पट्ट्यात २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ साली ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. तिथे पक्ष्यांना उठवण्यासाठी ओरडणं, दगड टाकणं, ड्रोन उडवणं हे कायद्याने गुन्हा ठरू शकतं. शिवाय हा पट्टा मुंबई आणि नवी मुंबई अशा दोन विमानतळांच्या मध्ये पडतो. ड्रोनचा विचार सोडूनच दे, त्याने तुझा नियमही मोडतो. कांदळवन कायद्याने संरक्षित आहे. चौकटीत फांदी येते म्हणून तोडायची नाही, जागा बदलायची. अभयारण्याच्या हद्दीत चित्रण करायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी काढ. ऐरोलीला वनविभागाच्याच कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे जाऊन विचारपूस करणं सर्वात सोपं. कोळीवाड्याच्या जेट्टीवर कॅमेरा लावणार असशील तर तिथल्या मंडळींना आदल्या दिवशी भेट. तू घरचीच आहेस, पण तुझे मित्र घरचे नाहीत. कॉलेजचं पत्र खिशात ठेव. लोकलमध्ये किंवा ठाणे, ऐरोली स्टेशनात चित्रण करायचं तर रेल्वेची परवानगी लागते, आणि एका शॉटसाठी ती खटपट करण्यात अर्थ नाही. तुझ्या लघुपटाला लोकलची गरजही नाही.

पैशाचं म्हणशील तर वीस हजार पुष्कळ आहेत, जर कॅमेऱ्यावर घालवले नाहीस तर. माइक, न हलणारा भक्कम ट्रायपॉड, एनडी फिल्टर, दोन हार्ड डिस्क, मित्रांचा रोजचा नाश्ता आणि रिक्षा. हा नाश्ता कमी लेखू नकोस. पहाटे सहाला उठून आलेल्या माणसाला उपाशी ठेवलं की पाचव्या दिवसापासून तो येत नाही. बाकीचे पैसे उपशीर्षकं तपासून घ्यायला आणि महोत्सवांच्या शुल्काला राखून ठेव. रोजचं चित्रण त्याच दिवशी दोन्ही डिस्कवर उतरव, आणि एक डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेव. पंधरवड्यातला एक दिवस हरवला तर तो पुढच्या पंधरवड्यात परत मिळत नाही. ऊन बदललेलं असतं.

संकलनासाठी डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. फोनच्या काही फाइलींत फ्रेमचा वेग मधूनच कमीजास्त होतो आणि वेगळा घेतलेला आवाज हळूहळू सरकत जातो. तसं दिसलं तर आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून सगळ्या फाइली स्थिर वेगाच्या करून घे.

मग खरं काम. पहिली गोष्ट, आजोबा जे बोलतात ते दाखवू नकोस. ते "होडी" म्हणाले की होडी, "कोळंबी" म्हणाले की कोळंबी, असं केलंस तर चित्र हे आवाजाचं नुसतं शेपूट होतं. ते एकेका माशाचं नाव घेतायत, बोईट, कोळंबी, चिंबोरी, निवट्या, आणि समोर फक्त मोकळा चिखल आहे, असं ठेवून बघ. चित्र आणि आवाज यांच्यामध्ये जी जागा उरते तिथे बघणारा स्वतःचं काहीतरी आणून ठेवतो. ती जागा भरायची घाई करू नकोस.

दुसरी, शॉट किती वेळ ठेवायचा. खाडीचा स्थिर शॉट बघणारा चार-पाच सेकंदांत वाचून संपवतो. मग कंटाळतो. नवशिके संकलक त्या कंटाळ्याच्या क्षणी कापतात. तू त्यानंतर थोडी थांब. कंटाळा ओसरला की डोळा चौकटीत फिरायला लागतो: डाव्या कोपऱ्यात कोणीतरी वाकलंय, पाण्याची रेघ मघापेक्षा वर आहे. त्या दुसऱ्या पाहण्यासाठीच हा लघुपट आहे. मात्र सगळेच शॉट सारखे लांब ठेवलेस तर ते निव्वळ मोजमाप होईल. काही दिवस अर्ध्या मिनिटाचे असतील, काही चार सेकंदांचे. एखादा दिवस गाळला तरी चालेल. पाणी एकदम उडी मारेल आणि ती उडी जाणवेल. अंदाजे सात-आठ मिनिटांत आटप. त्याहून लांब करायचा असेल तर प्रत्येक जादा मिनिटाचं कारण तुला सांगता आलं पाहिजे.

तिसरी, कच्चं संकलन झालं की एकदा आवाज पूर्ण बंद करून बघ आणि एकदा डोळे मिटून फक्त ऐक. नुसतं ऐकताना झोप येत असेल तर दोष बहुधा आवाजाच्या रचनेत आहे, आजोबांच्या बोलण्यात नाही. नुसतं बघताना काहीच बदलत नाही असं वाटलं तर शॉटचा क्रम किंवा लांबी चुकते आहे.

संगीत लावू नकोस. लावल्याशिवाय राहवत नसेल तर निदान लोकप्रिय गाण्याचा तुकडा नको. तीस सेकंदांपर्यंत फुकट वापरता येतं ही समजूत मुलांमध्ये घट्ट बसली आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, आणि 'पारंपरिक' म्हणून ऐकलेली बरीच कोळीगीतं कोणीतरी लिहिलेली आणि चाल लावलेली आहेत. आजोबा स्वतः काही गुणगुणले तर ते ठेव, पण ते कुठलं आहे हे शोधून मगच.

तयार झालेला लघुपट सर्वात आधी आजोबांना दाखव, मोठ्या पडद्याची वाट न बघता, घरात. त्यांनी एखादं वाक्य काढून टाक म्हटलं तर काढ, कितीही जीव गुंतला असला तरी. आवाज त्यांचा आहे. त्यानंतर कोळीवाड्यात चादर लावून दाखव. नारळी पौर्णिमेच्या आसपास सगळे एकत्र असतात. तिथे लोक बोलत बोलत बघतील, मध्येच कोणीतरी जागा ओळखेल, कोणीतरी "पाणी चुकीचं दाखवलंय" म्हणेल. त्यांचं ऐक. भरतीच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुठल्याही समीक्षकाचं मत मी धरणार नाही.

यूट्यूबवर मात्र घाईने टाकू नकोस. बरेच महोत्सव आधीच सगळ्यांना खुला झालेला लघुपट घेत नाहीत. पासवर्ड लावलेली खासगी लिंक ठेव, इंग्रजी उपशीर्षकांची एसआरटी फाइल वेगळी आणि उपशीर्षकं चित्रात बसवलेली प्रतही वेगळी. आपल्या जवळचा म्हणजे मुंबईचा मिफ, माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठीचा, १९९० पासून एक वर्षाआड होणारा. केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव. बंगळुरूचा एक्स्पेरिमेंटा तर खास अशाच कामासाठी आहे. जर्मनीतला ओबरहाउझेन १९५४ पासून लघुपटांसाठीच चालतो आणि तिथे असं काम गांभीर्याने बघितलं जातं. शंभर ठिकाणी पाठवण्यापेक्षा पाच-सहा नीट निवड, आणि त्या महोत्सवांत आधीच्या वर्षी काय दाखवलं ते बघून मगच पाठव. सोबतचं टिपण चार ओळींचं असावं: नियम काय, जागा कुठली, आवाज कोणाचा. अर्थ समजावून सांगायचा नाही. शुल्क परवडत नसेल तर विद्यार्थिनी असल्याचं कळवून माफीसाठी आयोजकांना सरळ पत्र लिही. अंतिम तारखेच्या बऱ्याच आधी लिहिलंस तर त्याचा विचार होण्याची शक्यता जास्त असते.